सायकलीची निवड

यवतमाळ जिल्ह्यातील पुष्कळ खेड्यांत शाळा सातवीपर्यंतच असते. आठवीचा वर्ग दुसऱ्या, मोठ्या गावी. ते गाव कोठे तीन, कोठे पाच किलोमीटरांवर. जूनअखेर शाळा उघडण्याचे दिवस आले की अशा गावांतील घराघरांतून एक प्रश्न उभा राहतो. मुलगा असला तर 'जाईल पायी, नाही तर कोणाच्या गाडीवर बसून' एवढ्यावर विषय संपतो. मुलगी असली म्हणजे मात्र बोलणे लांबते. वाटेत नाला आहे. पावसाळा सरता सरता पऱ्हाटी छातीएवढी वाढते आणि वाट दुरून दिसेनाशी होते. हिवाळ्यात शाळा सुटून घर गाठेपर्यंत दिवस मावळतो. अशा बोलण्यातून कित्येक मुलींचे शिक्षण सातवीत थांबले. त्यांच्या बुद्धीत काही उणे नव्हते; आड आली ती केवळ वाट.

ही वाट आखूड करण्याचा एक उपाय शासनाने योजला. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील २३ जिल्ह्यांतल्या १२५ मागास तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना आखण्यात आली. या जिल्ह्यांत यवतमाळचाही समावेश आहे. पूर्वी ही रक्कम ३,५०० रुपये होती. २०२२ साली ती ५,००० रुपये करण्यात आली. त्यांपैकी ३,५०० रुपये मुलीच्या बँकेतील खात्यात आधी जमा व्हावेत आणि सायकल घेतल्याची पावती दाखविल्यावर उरलेले १,५०० रुपये मिळावेत, असे ठरले.

सायकलीसारख्या साध्या वस्तूने शिक्षणात खरोखर फरक पडतो काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर बिहारमध्ये मिळते. तेथे २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास प्रारंभ झाला. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी पुढे त्या योजनेचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले; आणि ही वाढ मुख्यत्वे ज्या गावांपासून शाळा तीन किलोमीटरांहून अधिक दूर होती, त्या गावांत दिसून आली. म्हणजे वाट जितकी लांब, तितका चाकांचा उपयोग मोठा.

बिहारमध्ये काय किंवा यवतमाळात काय, हाती येतात ते पैसे. सायकल निवडावयाची ती घरच्यांनी आणि मुलीने. येथेच पुष्कळदा चूक होते. दुकानात शिरल्याबरोबर डोळे रंगाकडे जातात. एखादीला गिअरची सायकल हवी असते, कारण वर्गातील कोणाकडे ती आहे. वडील मनात वेगळाच हिशेब करीत असतात : मुलगी वाढत्या अंगाची, तेव्हा सायकल मोठीच घ्यावी, म्हणजे बारावीपर्यंत पुरेल. कपड्यांच्या बाबतीत हा हिशेब खपून जातो; सायकलीच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. सदरा ढगळ झाला तर बाह्या दुमडता येतात, पण पाय जमिनीला पोचत नसेल तर समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरपुढे काहीही दुमडता येत नाही.

म्हणून सायकल पाहताना सर्वांत आधी माप पाहावे. सायकलीच्या मापाविषयी लोकांत एक गैरसमज आहे. '२६ इंची' किंवा '२८ इंची' हे चाकाचे माप होय. बसणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे माप सांगाड्याचे असते. सीटची दांडी ज्या उभ्या नळीत बसते, तिच्या लांबीवरून सांगाडा १८, २०, २२ किंवा २४ इंची म्हणून ओळखला जातो. प्रौढ पुरुषांसाठी केलेल्या २२ इंची काळ्या सायकलीचा आडवा दांडा जमिनीपासून ऐंशी सेंटिमीटरांहूनही उंच असतो. तेरा वर्षांच्या मुलीच्या पायाची आतील लांबी बहुधा सत्तरच्या आसपास भरते. हा फरक वाचून क्षुल्लक वाटेल, परंतु अशा सायकलीवरून घाईने उतरण्याचा प्रसंग आला म्हणजे तो चांगलाच समजतो. पूर्वी खेड्यांतील मुले वडिलांच्या सायकलीवर दांड्याखालून पाय घालून 'कैची' चालवीत, ते काही हौसेने नव्हे. दांड्यावरून पाय टाकणेच त्यांना शक्य नसे.

माप पाहण्याची रीत सोपी आहे. पायांत नेहमीच्या चपला घालून सायकलीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, सीटच्या पुढे उभे राहावे. आडव्या दांड्याची सायकल असेल तर दांडा आणि शरीर यांत तीन-चार बोटांचे अंतर राहिले पाहिजे. मुलींच्या सायकलीचा दांडा खाली वाकविलेला असतो, तेव्हा तेथे ही अडचण येत नाही. परंतु हँडल फार लांब तर पडत नाही ना, हे बसून पाहावेच लागते. कोपर ताठ करून, पुढे ओणवे होऊन हँडल धरावे लागत असेल तर ती सायकल मोठी समजावी. वाकलेल्या दांड्याचा सांगाडा आडव्या दांड्याच्या सांगाड्याइतका ताठ नसतो, कारण नळ्यांचा पुरा त्रिकोण झाला म्हणजेच त्याला खरी मजबुती येते. तरीसुद्धा शाळेच्या वाटेवर चटकन पाय टेकता येणे हा गुण मजबुतीतील या उणिवेपेक्षा मोठा आहे. मुलानेदेखील तशी सायकल घेतली तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.

सीटची उंची ठरविताना दुसऱ्याने सायकल धरून ठेवावी. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल अगदी खाली न्यावे. अशा स्थितीत गुडघा सरळ झाला म्हणजे उंची बरोबर. चालविताना पायडलवर टाच नसते, चवडा असतो. त्यामुळे गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो, आणि पायाची शक्ती पुरी लागते. सीट फार खाली असेल तर गुडघे छातीकडे येतात आणि दोन किलोमीटरांतच मांड्या भरून येतात. नवशिक्या मुलीने मात्र पहिले काही दिवस सीट थोडी खालीच ठेवावी, आणि हात बसला म्हणजे बोट-बोट वर करावी. म्हणूनच, वाढत्या वयासाठी जागा हवी असेल तर ती सीटच्या दांडीत शोधावी. आज सायकल बरोबर मापाची असून दांडी आणखी वर निघण्याजोगी असेल, तर तीच सायकल पुढेही काही वर्षे चालते. दांडीवर ती किती वर काढावी याची खूण असते. त्या खुणेच्या वर मात्र ती कधीही काढू नये.

मापानंतर पाहावयाची ती वाट. सायकल कोणत्या वाटेवर चालणार, हे ठरविल्याशिवाय चांगली सायकल कोणती या प्रश्नाला अर्थच नाही. मुंबई–पुणे शर्यतीत धावणारी सायकल घ्या. तिचे वजन आठ-नऊ किलोग्रॅम, टायर दोन बोटांहूनही अरुंद, हँडल खाली वळलेले. घाटात सर्वांच्या पुढे राहून 'घाटाचा राजा' म्हणवून घेणाऱ्या स्पर्धकाला अशीच सायकल हवी. नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत पुरी केली, तीही शर्यतीच्या सायकलींवरच. पण तीच सायकल राळेगाव किंवा झरी जामणी तालुक्यातील एखाद्या पांदण रस्त्यावर आणली, तर नालाही ओलांडणार नाही.

याचे कारण टायरमधील हवेत आहे. सायकल आणि स्वार यांचा सगळा भार टायर जमिनीला जेथे टेकतात, तेवढ्या दोन लहानशा जागांवर असतो. अरुंद टायरमध्ये हवा थोडी मावते, म्हणून ती अधिक दाबाने भरावी लागते. आणि दाब दुप्पट झाला की टेकणारी जागा सुमारे निम्मी होते. डांबरी रस्ता कठीण असतो, त्यावर ही लहान जागा फायद्याची ठरते. टायर कमी दबतो आणि सायकल हलकी पळते. मऊ जमिनीवर मात्र तोच टायर रुततो. ही गोष्ट शेतकऱ्याच्या मुलांना नव्याने सांगावयास नको. लोखंडी धाव चढविलेली बैलगाडी पावसाळ्यात आसापर्यंत रुतते आणि रबरी टायरची गाडी त्याच वाटेने निघून जाते, हे त्यांनी पाहिलेले असते. तेव्हा शाळेच्या वाटेत कच्चा रस्ता असेल तर रुंद टायर घ्यावेत, आणि त्यांच्या अंगावरील नक्षी खोल आहे हेही पाहावे.

कापसाच्या काळ्या जमिनीचा आणखी एक गुण येथे लक्षात घ्यावा लागतो. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिकट होते. ओली माती टायरला धरते, फिरत फिरत मडगार्डाखाली जाते, तेथे तिचा थर साचतो आणि शेवटी चाक फिरेनासे होते. मग सायकलवर बसावयाचे सोडून सायकलच खांद्यावर घेण्याची पाळी येते, आणि वीस किलोग्रॅमचे ओझे काही थोडे नव्हे. म्हणून टायर आणि मडगार्ड यांमध्ये किमान दोन बोटे जागा आहे की नाही, हे दुकानातच बोटे घालून पाहावे. देखणेपणासाठी मडगार्ड टायरला चिकटून बसविलेली सायकल शहरात शोभते. काही मुले मडगार्ड काढूनच टाकतात. त्यांचे चाक अडत नाही हे खरे, परंतु शाळेत पोचेपर्यंत त्यांची पाठ आणि दप्तर यांची काय अवस्था होते, हे त्यांच्या आईला विचारावे.

तिसरा शत्रू बाभळीचा काटा. शेताच्या कुंपणाला बाभळीच्या फांद्या घालण्याची रीत जुनी आहे, आणि त्या फांद्या ओढून नेताना काटे वाटेवर गळतात. या काट्यापुढे कोणताही टायर पुरता निर्धास्त नाही. जाड टायर आणि जाड ट्यूब यांमुळे पंक्चर कमी होतात, एवढेच. काटा टोचल्याचे कळताच खाली उतरावे. हवा गेलेल्या चाकावर तसेच रेटीत गेले तर एका भोकाची दहा भोके होतात आणि रिमही वाकते. सायकलीबरोबर लहानसा पंप घेण्याची काटकसर करू नये. घंटी एका महिन्याने घेतली तरी चालेल, असे कोणी म्हणेल. तेही बरोबर नाही, पण पंपाची आठवण लोकांना होत नाही, म्हणून ती आधी करून दिली.

आता गिअर. गिअर म्हणजे काय ते नीट समजले म्हणजे त्याचा मोह आणि भीती, दोन्ही कमी होतात. पायडलजवळ दात्यांचे मोठे चक्र असते आणि मागच्या चाकाला लहान. मोठ्याला ४४ दाते आणि लहानाला १८ असतील, तर पायडल एकदा फिरविले असता मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. २८ इंची चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. पाच किलोमीटरांच्या शाळेला नऊशेहून थोडे अधिक फेरे पुरतात. सपाट वाटेवर हे प्रमाण उत्तम आहे. चढ लागला की मात्र प्रत्येक फेऱ्यास तेवढे अंतर चढावे लागते. वीस मीटरांत एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर, साडेपाच मीटर पुढे जाताना मुलगी आणि सायकल मिळून साठ किलोग्रॅमचे ओझे सुमारे पाव मीटर वर उचलले जाते, आणि तेही पायडलच्या एकाच फेऱ्यात! गिअरच्या सायकलीत साखळी लहान-मोठ्या चक्रांवर सरकविता येते. शर्यतीच्या सायकलीत एका फेऱ्यास अडीच मीटरांपासून साडेनऊ मीटरांपर्यंत हवे तेवढे अंतर निवडता येते. अडीच मीटरांचे प्रमाण घेतले की तेच ओझे निम्म्याहून कमी उंच उचलावे लागते. फेरे मात्र दुपटीहून अधिक मारावे लागतात. श्रम कोणी माफ करीत नाही. ते हप्त्याने फेडण्याची सवलत तेवढी मिळते.

ज्यांच्या वाटेत खरा चढ आहे, त्यांनी गिअरचा विचार अवश्य करावा. ज्यांची वाट नदीकाठच्या सपाटीवरून जाते, त्यांनी ते पैसे चांगल्या टायरांवर घालावेत. शिवाय गिअरची साखळी सरकविणारा भाग मागच्या चाकाजवळ खाली लोंबत असतो. त्याला चिखल लागतो, सायकल पडली तर तो वाकतो, आणि खेड्यातील मिस्त्रीकडे त्याचे सुटे भाग असतीलच असे नाही. जी सायकल गावातच दुरुस्त होत नाही, ती एका बिघाडाने आठवडाभर शाळा बुडविते. सायकल घेण्याआधी गावच्या मिस्त्रीला एकदा विचारावे, हा सल्ला कोणत्याही जाहिरातीत सापडत नाही.

ब्रेकसंबंधी थोडक्यात सांगता येईल. जुन्या धर्तीच्या सायकलींना लोखंडी दांड्यांचे ब्रेक असतात. ते वर्षानुवर्षे टिकतात, पण त्यांची पकड बेताची असते. तारेच्या ब्रेकची पकड चांगली, परंतु तार गंजते, म्हणून ती वेळच्या वेळी बदलावी लागते. दोहोंतले कोणतेही असोत, पावसात लोखंडी रिम ओली झाली की पकड पुष्कळच कमी होते. ओल्या दिवशी ब्रेक नेहमीपेक्षा बरेच आधी दाबावेत, आणि केवळ पुढचा ब्रेक जोराने दाबण्याची सवय लावून घेऊ नये. नागपूर–नांदेड मार्गावरील जड वाहने किंवा वणीकडील कोळशाचे ट्रक ज्या वाटेला आडवे येतात, त्या वाटेवरील मुलीच्या सायकलीस मागे लाल परावर्तक असलाच पाहिजे.

दुकानात दिसणारी सायकल बहुधा लुधियानासारख्या दूरच्या शहरातून खोक्यांत सुटी होऊन आलेली असते. सांगाडा एकीकडे, चाके दुसरीकडे. त्यांची सायकल होते ती दुकानातील मिस्त्रीच्या हातून. म्हणून सायकलीइतकेच दुकानही पारखावे. सायकल विकणाऱ्याचे काम पैसे घेतल्याने संपत नाही, हे महाराष्ट्रातील उद्योगाच्या आरंभीच दिसून आले होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते, तेव्हा ते तेथून सायकली बेळगावास पाठवीत. त्यांचे बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकीत आणि घेणाऱ्यास चालविण्यासही शिकवीत. १८८८ साली सुरू झालेल्या या लहानशा दुकानातून पुढे नांगर आणि यंत्रे करणारा केवढा व्यवसाय उभा राहिला, हे सर्वांस ठाऊक आहे.

सायकल हाती देण्यापूर्वी तिची परीक्षा मुलीने स्वतः करावी. प्रथम पुढचे चाक उचलून हळूच फिरवावे. ब्रेकचे रबर आणि रिम यांतील फट पाहत राहावे. ती कमी-जास्त होत असेल तर चाक 'आऊट' आहे, आरे पुन्हा ताणून घ्यावयास हवेत. चाक थांबत आले की ते आपोआप थोडे मागे-पुढे झुलून सर्वांत जड बाजू खाली आणते. असे झाले म्हणजे आतील छर्रे मोकळे फिरत आहेत असे समजावे. नंतर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवावी. हँडलखाली खटखट जाणवता कामा नये. पायडलची दांडी धरून आडवी हलवावी; तीही हलता कामा नये. पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल वळविण्याचा प्रयत्न करावा. ते एकटेच वळले तर बोल्ट ढिला आहे. साखळी मधोमध बोटाने दाबली असता सुमारे अर्धा इंच खाली-वर व्हावी. ती फार ताठ असेल तर जड चालते, फार ढिली असेल तर निसटते. शेवटी दप्तर कॅरिअरवर बांधून दुकानासमोर दोन फेऱ्या माराव्यात. रिकाम्या सायकलीचा तोल आणि दप्तर लादलेल्या सायकलीचा तोल यांत फरक असतो.

दुकानदाराला या परीक्षेचा कंटाळा येईल. येऊ द्यावा.

कोणी जुनी सायकल घेत असेल तर याच कसोट्या लावून, त्याखेरीज सांगाड्याच्या सांध्यांजवळ रंग तडकला आहे काय ते पाहावे. सांध्याजवळ रंगाला बारीक रेघ दिसली तर खालचे लोखंडही तडकले असण्याचा संभव असतो. अशी सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नये. योजनेसाठी मात्र नव्या सायकलीची दुकानाच्या नावाची पावतीच लागते. त्या पावतीवर मुलीचे नाव, तारीख, किंमत आणि सांगाड्याचा क्रमांक लिहून घ्यावा. हा क्रमांक सीटच्या नळीवर किंवा पायडलच्या आसाखाली ठोकलेला असतो. सायकल उलटी केली म्हणजे सापडतो. पुढे सायकल चोरीस गेली तर 'काळी सायकल होती' एवढ्या वर्णनावरून ती शोधणे पोलिसांनाही जमणार नाही.

नवी सायकल पहिल्या महिन्यात थोडी सैल होते. आरे जागेवर बसतात, ब्रेकच्या तारा ताणतात, बोल्ट फिरतात. तेव्हा महिन्याभराने, बाजाराच्या दिवशी, ती पुन्हा त्याच दुकानात नेऊन आवळून घ्यावी. पावती देतानाच दुकानदाराकडून तसे कबूल करून घेतलेले असावे. साखळीस तेल घालणे, दर आठवड्यास हवा पाहणे, पावसाळ्यात घरी येताच मडगार्डाखालचा चिखल ओला असेपर्यंतच काडीने काढून टाकणे, ही कामे मुलीने स्वतःच करावयाची. चिखल वाळला म्हणजे काडी मोडते. मग खुरपे घ्यावे लागते आणि रंग जातो.